मास्तर अंड्यांवर आहे

मावशी चिडला की आधी पायातल्या चपला काढायचा आणि भिंतीशी नीट जोडून ठेवायचा. त्याची ही सवय ज्यांना ठाऊक होती, ते चपला जोडलेल्या दिसल्या की मागच्या दाराने काढता पाय घ्यायचे. त्या दिवशी जावईबापू मात्र बेधडक समोरच्या दारातून ओसरीवर आले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी आधी इंटरनेटवर खात्री करून घेतली असती.

मावशी हा सहा फूट उंचीचा, झुबकेदार मिशीचा माणूस. बायको घर सोडून गेली तेव्हा लेक तीन वर्षांची होती, ठकी. पुढे ठकी शाळेत जाऊ लागली आणि हा रोज सकाळी दप्तर, डबा, पाण्याची बाटली आणि खिशात कंगवा घेऊन शाळेच्या फाटकाशी उभा राहू लागला. घरी घातलेली वेणी वाटेत सुटायचीच. मग फाटकातच उकिडवं बसून, पोरीला दोन गुडघ्यांत धरून, हा ती पुन्हा घालायचा. तिथे उभ्या असलेल्या बायकांपैकी एक म्हणाली, "आली बघा मावशी." दुसरीने लगेच जोड दिली, "माय मरो, मावशी उरो, ते काय उगाच म्हणतात?" झालं, ते नाव चिकटलं ते चिकटलं. वर्षभर तो त्या नावावरून लोकांशी भांडला. भांडलं की नाव आणखी चार घरांत जातं हे कळल्यावर त्याने ते मुकाट्याने घेतलं. दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे "मावशी आला, मावशी गेला" असंच बोलायचे. व्याकरणाचं काय व्हायचं ते होवो.

गावाबाहेरच्या त्याच्या तुकड्यावर एक घर, दोन शेड आणि उंच जाळीची तीन आवारं होती. कधीकाळी सगळीकडे इमू पाळायचं खूळ आलं होतं, तेव्हा यानेही एक जोडी आणली. खूळ ओसरलं तशी लोकांनी आपापली पाखरं रात्रीत रानात सोडून दिली आणि सकाळी काहीच ठाऊक नसल्यासारखे चहाला बसले. मावशीने सोडली नाहीत, कारण तोवर ठकीने त्यांची नावं ठेवली होती. नराचं नाव मास्तर. हात पाठीमागे बांधून वर्गात फिरावं तसा तो चालायचा, आणि दिसेल त्याच्या खिशात डोकावायचा. मादीचं नाव ढोलकी. तिच्या गळ्यातून ढोलकीवर थाप पडावी तसा आवाज यायचा आणि तो पार सडकेपर्यंत जायचा. शिवाय कुणीतरी टाकून गेलेली एक म्हातारी शहामृगीण होती, आत्याबाई. ती सदऱ्याची बटणं खायची. मावशीच्या एकाही सदऱ्याला वरचं बटण नव्हतं.

इमूंच्या घरात अंडी मादी घालते आणि तिथे तिचं काम संपतं. हिरवीगार, मुठीत न मावणारी अंडी टाकून ती चालू पडते. त्यावर बसतो तो नर. आठ आठवडे बसतो. खात नाही, पाणीही जवळजवळ पीत नाही, जागचा उठतो तो अंडी फिरवण्यापुरता. शेवटी नुसता पिसांचा पेंढा उरतो. अशा वेळी तो दचकला तर ताडकन उठतो, आणि त्याच्याच पायाखाली अंडी फुटतात. म्हणून मास्तर बसला की घरात कुणी आवाज चढवायचा नाही, दार आपटायचं नाही, भांडं पाडायचं नाही. "हळू. मास्तर अंड्यांवर आहे," हे वाक्य त्या घरात इतकं रुळलं की पुढे पुढे मास्तर भर उन्हाळ्यात आवारात मोकळा फिरत असला तरी, कुणी जरा वरच्या सुरात बोललं की तेच म्हटलं जायचं. ठकी त्या वाक्यात वाढली. तिला ओरडताना कुणी ऐकलं नव्हतं. शेजारीपाजारी तिच्या गुणांचं कौतुक करायचे.

आता ठकीला नववा महिना लागला होता आणि ती बापाकडे आली होती. तिच्या पोटात बाळ आहे हे कळल्या दिवसापासून मावशी तयारीला लागला होता. गावातल्या नर्सबाईंच्या मागे लागून तो बाळाला अंघोळ घालायला शिकला होता, त्यासाठी त्याने आधी उशीला आणि मग नर्सबाईंच्या भाच्याला न्हाऊ घातलं होतं. जुनी मऊ धोतरं फाडून दुपटी शिवली होती. ठकीच्या खोलीतल्या खिडकीची कुरकुर तेल घालून बंद केली होती. बाळंतपण आपणच काढायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. जावईबापूंना ते पटत नव्हतं. ते जमिनीची मोजणी करायचे, स्वभावाने सज्जन होते, आणि प्रत्येक गोष्टीत खुणेचा दगड कुठे आहे ते आधी शोधायचे. "अशा वेळी बाईमाणूस हवं, बाबा," असं ते आल्यापासून चारदा म्हणाले होते. मावशीने चारही वेळा ऐकलं न ऐकलंसं केलं.

त्या सकाळी अंड्यांतून टकटक सुरू झाली होती. मावशी शेजारच्या मळ्यातून लसूणघासाचा भारा आणायला गेला, आणि परत येताना त्याला मास्तरची घुरघुर ऐकू आली. ती यायला नको त्या बाजूने येत होती. आतल्या आवाराचं फाटक लावलेलं होतं, पण फाटकाच्या तारेला पीळ उलटा होता. या घरात तारेला पीळ डावीकडून देतात. मावशीने भारा तिथेच टाकला.

आत, अंड्यांच्या खळग्यावर, ढोलकी उभी होती. मास्तर जाळीबाहेर होता, आणि छाती जाळीला घासत इकडून तिकडे, तिकडून इकडे चालत होता. आठ आठवड्यांचा उपाशी जीव, धड उभं राहण्याचं त्राण नव्हतं, तरी चालत होता. दोन अंडी फुटून वाळूत मिसळली होती. एक पट्ट्यापट्ट्यांचं पिल्लू दाण्याच्या कुंडाखाली शिरून शीळ घालत होतं. दुसरं जाळीच्या कडेला आडवं पडलं होतं. ढोलकीने त्याला लाथेने भिरकावलं होतं. तिच्या दृष्टीने ते कुणीतरी परकं होतं आणि तिच्या पायात आलं होतं.

मावशीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, आणि तोंडातून अक्षर काढायची सोय नव्हती. तो मागून गेला, ढोलकीच्या चिमूटभर पंखांना दोन्ही हातांनी धरलं, तिला छातीशी आवळलं आणि मागे मागे चालवत बाहेर काढलं. तिने त्याच्या नडगीवर एक सणसणीत लाथ ठेवून दिली. त्याने हूं की चूं केलं नाही. मग मास्तरला आत घेतलं. मास्तर खळग्यापाशी गेला, मान वाकवून एकेक अंडं चोचीने हलवलं, फुटलेल्यांपाशी जरा जास्त वेळ थांबला, आणि पाय दुमडून उरलेल्यांवर बसला. कुंडाखालचं पिल्लू धावत येऊन त्याच्या पिसांत शिरलं. मावशीने मेलेलं पिल्लू उचलून गोणपाटात घेतलं आणि घराकडे निघाला. ओसरीवर त्याने चपला काढल्या, भिंतीशी जोडल्या, आणि तेवढ्यात जावईबापू चहाचा कप घेऊन आले.

"बाबा, आलात? एक काम करून ठेवलंय मी," ते खुशीत म्हणाले. "तो बिचारा इतके दिवस उपाशी बसलाय, आणि त्याची बायको बाहेर मजेत चरतेय. मला बघवेना. पिल्लं निघायला लागली तसं मी त्याला खायला बाहेर काढलं आणि त्यांच्या आईला आत सोडलं."

मावशीने गोणपाट टेबलावर ठेवलं आणि उलगडलं. पाय ताणून, हातभरही नाही एवढं पिल्लू. जावईबापूंनी ते पाहिलं आणि कप घेऊनच एक पाऊल मागे सरकले.

"आई," मावशी म्हणाला. आवाज हळूच होता, या घरात तो चढत नव्हता. "कुणी सांगितलं तुम्हाला, ती आई आहे म्हणून?"

"अंडी तिनेच घातली ना?"

"घातली. घालून गेली. जमिनीची हद्द चुकली तर पुन्हा मोजता येते, जावईबापू. याचं काय करू सांगा. याला कुठून मोजू?"

"मला खरंच माहीत नव्हतं, बाबा. सगळीकडे पिल्लांना आईच लागते."

"सगळीकडे म्हणजे कुठे? ह्या घरात बघितलंत कुठे तुम्ही? पंचवीस वर्षं ह्या घरात कोण बसलं होतं?"

जावईबापूंनी कप खाली ठेवला. ते प्रामाणिक होते, आणि प्रामाणिक माणसाला वेळ कळत नाही. "मग तुम्हाला अजून एक सांगायला हवं," ते म्हणाले. "ठकीच्या आईंना मी फोन केला होता. त्या आज येताहेत. दुपारच्या गाडीने."

मावशीने पायाकडे पाहिलं. काढायला चपला उरल्या नव्हत्या.

ती बाई, ठकीची आई, दुसऱ्या शहरात मुलींच्या वसतिगृहाची प्रमुख होती. दोनशे परक्या पोरींच्या जेवणाची, तापाची आणि रात्रीच्या हजेरीची काळजी वाहायची. लोक तिला माऊली म्हणतात असं मावशीच्या कानावर आलं होतं, आणि ते ऐकून तो दोन दिवस जेवला नव्हता. आपल्या एका पोरीचं ओझं झालं आणि दोनशे झेपल्या. या हिशोबाशी तो वर्षानुवर्षं झगडत होता, रोज नव्याने चिडत होता, आणि चिडून झालं की पाखरांना दाणा घालत होता. राग एवढा जुना झाला होता की त्याला घरात स्वतःची जागा होती, आत्याबाईला होती तशी.

"ह्या उंबऱ्याच्या आत ती पाऊल ठेवणार नाही," मावशी म्हणाला. "मी फाटकावर उभा राहीन."

"बाबा."

ठकी दारात उभी होती. एक हात कमरेवर, एक चौकटीवर. तिची नजर टेबलाकडे गेली. "ते आधी उचल तिथून."

"बघ ना, नीट बघ," मावशी म्हणाला. रागाच्या भरात माणूस ज्याला जपायचं त्यालाच बोचकारतो. "आई आत शिरली की काय होतं ते बघून घे. तुझ्या नवऱ्याने एकदा करून दाखवलंय, आता दुसऱ्यांदा करतोय."

"मी इमू नाही," ठकी म्हणाली. "आणि यांनी नाही बोलावलं तिला. फोन यांनी केला. बोलावलं मी."

मावशी खाली बसला. जवळ खुर्ची होती म्हणून खुर्चीवर बसला, नसती तर जमिनीवर बसला असता.

"मी काय कमी केलं?" त्याने विचारलं.

"काही कमी केलं नाहीस. तेच तर म्हणतेय." ठकीचा आवाज तिच्या नेहमीच्याच पट्टीत होता, पण ओठ पांढरे पडले होते. "माझी नखं तू कापलीस. वेण्या तू घातल्यास. तापात तू जागलास. शाळेत मला कुणी टोचून बोललं की मी तोंड उघडायच्या आत तू जाऊन भांडून यायचास. आणि आईवरचा रागही तूच केलास, बाबा. सगळा. माझ्या वाटणीचासुद्धा. मी एकदा म्हटलं होतं तुला, पाचवीत होते, मला आईचा खूप राग येतो म्हणून. तू काय म्हणालास, आठवतंय?"

मावशीला आठवत होतं.

"हळू बोल, मास्तर अंड्यांवर आहे. असं म्हणालास." ठकीने श्वास घेतला. "टाकून मला गेली ती. तुलाही गेली, पण तू मोठा होतास. आता मी कुणाची तरी आई व्हायच्या आधी मला तिला समोर बसवायचंय. तू मध्ये पडायचं नाहीस. खोकायचंसुद्धा नाहीस."

"आणि मग?" मावशीच्या तोंडून शेवटी ते निघालंच. "मग ती राहणार? तुझं सगळं ती करणार? मी इथे कुंपणाच्या तारा आवळत बसणार?"

"ते मला आत्ता ठाऊक नाही," ठकी म्हणाली आणि आत गेली. तिने दार आपटलं नाही. या घरात कुणी आपटत नव्हतं.

मावशीने घराच्या मागे खड्डा खणला आणि पिल्लू पुरलं. जावईबापू शेजारी उभे राहून रडत होते. ते आणखी रागावण्यासारखंच होतं, कारण रडणाऱ्यावर धड ओरडता येत नाही. शेवटी मावशीने त्यांच्या हातात फावडं दिलं. माती लोटायला तरी उपयोग झाला.

दुपारी फाटकाशी रिक्षा थांबली. उतरलेली बाई पिकल्या केसांची, करड्या साडीची, हातात एकच पिशवी. मावशी फाटकाच्या आत उभा होता. या क्षणाचं भाषण त्याच्याकडे तयार होतं. घास कापताना, दाणा चाळताना, रात्री अंथरुणावर, त्याने ते इतक्यांदा घोकलं होतं की त्यात एक शब्द इकडचा तिकडे व्हायचा नाही. शेवटचं वाक्य तर त्याला फार आवडायचं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आत येऊ?"

मावशीने तोंड उघडलं. भाषण जिभेवर आलं, आणि त्याला कळलं की त्यातलं निम्मं तर आपलं नाहीच. वेण्यांचं आपलं नाही. पहिल्या पाळीच्या दिवशी पोर न्हाणीघरात तासभर बसून राहिली होती, आणि हा दाराबाहेर उभा राहून "मी नर्सबाईंना बोलावू का" एवढंच म्हणत राहिला होता, तेही आपलं नाही. ते जिचं तिने बोलायचं होतं. राग मात्र तसूभर कमी झाला नाही. तो तसाच राहिला, काढायला जागा नसलेला.

"मला काय विचारतेस?" तो म्हणाला. "तिला विचार." त्याने फाटक उघडलं, बाजूला झाला, आणि तिच्याकडे पाठ करून आतल्या आवारापाशी जाऊन बसला.

बराच वेळ घरातून काहीच ऐकू आलं नाही. मास्तर डोळे अर्धे मिटून बसला होता. त्याच्या पोटाखाली टकटक चालू होती, आणखी एक अंडं चिरायला आलं होतं. आणि मग घरातून आवाज आला. तो कुणाचा हे मावशीला पहिल्यांदा ओळखताच आलं नाही, कारण तो आवाज त्याने कधी ऐकलाच नव्हता. ठकी ओरडत होती. उघड्या खिडकीतून शब्द बाहेर येत होते, सडकेपर्यंत जात होते. बाहेरच्या आवारात ढोलकीने मान वर केली आणि गळ्यातून थाप दिली. आत्याबाई जाळीकडे धावली. मास्तरची मान सरळ झाली, काठीसारखी, आणि पिसं फुलली.

जावईबापू पळत आले. "बाबा, मी थांबवू का तिला? पक्षी उठेल. सगळी अंडी जातील."

मावशीच्या जिभेच्या टोकावर ते वाक्य आलं होतं, वर्षानुवर्षांच्या सवयीने. ते त्याने गिळलं. ठकी विचारत होती, मी रात्री कुणाला हाका मारायच्या होत्या, सांग. सांग की. तुझ्या दोनशे पोरींना विचारून सांग.

"थांबवायचं नाही," मावशी म्हणाला. "शेडमधली ताडपत्री आणा. पळा."

दोघांनी ताडपत्री घराच्या बाजूने जाळीला लावून धरली, आवाज अडावा आणि पाखराला काही दिसू नये म्हणून. जावईबापूंनी त्यांचं टोक अगदी ओळंब्यात धरलं, धंद्याची सवय. मावशी वाकून, मास्तरला त्याच्याच घुरघुरीत काहीतरी सांगत होता, पोटातून, हळू. मास्तर अर्धा उठला. त्याचे पाय थरथरत होते. खाली एका अंड्यातून ओली चोच बाहेर आलेली दिसत होती. घरात ठकी रडत ओरडत होती, आणि त्या रडण्यातूनच स्पष्ट ऐकू आलं, "तू करणार म्हणतेस? तू? माझ्या बाळाला अंघोळ माझा बाबा घालणार. ते ठरलंय. तू फक्त बसायचं आणि ऐकायचं. माझं अजून झालेलं नाही."

मावशीचे हात ताडपत्रीत गुंतले होते, त्यामुळे डोळे पुसायची सोय नव्हती. मास्तरने त्याच्याकडे एकदा पाहिलं, मान वाकवली, चोच बाहेर आलेलं अंडं जरा आत ओढलं, आणि पुन्हा बसला.

जावईबापूंचे खांदे भरून आले होते. "अजून किती वेळ धरायचं, बाबा?"

"तिचं होईपर्यंत."

आतून काहीतरी फुटल्याचा आवाज आला. बहुधा सकाळचा कप. मास्तर हलला नाही.

"झालं की पाणी नेऊन द्या," मावशी म्हणाला.

"कुणाला?"

मावशीने दात आवळले.

"दोघींना," तो म्हणाला. "पण ठकीला आधी."